गुलाबी कागदावरचे प्रश्न

यशवंतराव फोनवर हळू बोलतच नसत, पण त्या सोमवारी सकाळी त्यांनी लावलेला आवाज शंकर नगरच्या त्या लहानशा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या शेखरलाही लख्ख ऐकू गेला.

"रुचिता, तुह्या त्या वेबसाइटवर माह्या पोराचा फॉर्म भरायले बसलो, तर ते इचारून राहिलं का स्वयंपाक येते काय. पोट्ट्याले. अन् खाली लिहिलं आहे, सासू-सासऱ्यांची सेवा करण्याची तयारी आहे काय. हे काय आहे?"

"काका, पाहते मी. काही गडबड झाली असन."

"गडबड नाई, समाजाचा तमाशा आहे हा. रविवारी विहारात बैठक आहे. तिथंच पाहू." आणि त्यांनी फोन ठेवला. शेखरने मान खाली घालून हसू दाबलं. तो कौमुदीचा, म्हणजे ऑफिसच्या मालकिणीचा भाऊ, त्यामुळे त्याला हसायची मुभा होती.

यशवंतराव म्हणजे परिचय मेळाव्याच्या समितीचे अध्यक्ष. वीज खात्यातून निवृत्त झाले तरी अजून कोणाची तरी लाइन कापायला निघाल्यासारखे चालत. रायपुरात विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबं काही कमी नाहीत. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी सरकारी कचेरीत. आपापली मुलं-मुली लग्नाची झाली की पंचाईत होते, कारण नागपूर-भंडाऱ्याचे नातेवाईक दूर आणि इथले सगळे ओळखीचेच. म्हणून दर हिवाळ्यात विहाराच्या हॉलमध्ये उपवर मुला-मुलींचा मेळावा भरतो. त्याआधी सगळ्यांची माहिती गोळा करून पुस्तिका छापतात, आणि ती पुस्तिका मग वर्षभर घरोघरी उशाशी असते.

माहिती गोळा करायला दोन कागद होते. मुलांचा निळा, मुलींचा गुलाबी. निळ्यावर शिक्षण, नोकरी, पगार, स्वतःचे घर आहे काय, आणि शेवटी अपेक्षा. गुलाबीवर शिक्षण, नोकरी, आणि त्यानंतर रंग, स्वयंपाक येतो काय, लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे काय, सासू-सासऱ्यांची सेवा करण्याची तयारी आहे काय. गुलाबीवर अपेक्षा विचारलेली नव्हती. कागदावर जागा उरली नसावी, असा समितीचा बचाव होता, आणि तो बचाव करताना कोणाला लाजही वाटत नसे.

समितीचे सचिव गुलाबराव. रुचिताचे वडील. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांची सारी हयात गेली. तिथे दिवसभर हातोड्यांचा दणदणाट ऐकून की काय, घरी-दारी कोणी आवाज चढवला की ते उठून चहाच्या मागे लागत. भांडणातून निसटायची ती त्यांची ठरलेली वाट होती. यंदा मात्र त्यांनी बैठकीत एक धाडस केलं होतं. दरवर्षी ती न लागणारी अक्षरं लावत बसण्यापेक्षा सगळं वेबसाइटवर घेऊ, माही पोरगी करून देईन, असं बोलून टाकलं होतं.

पोरीने करून दिलंही. रुचिताचं कामच ते होतं. लोकांना जे फॉर्म स्क्रीनवर दिसतात ते दिसण्यामागची सगळी खटपट ती करी. तिच्या धंद्यातला पहिला नियम असा की एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही. वेबसाइटच्या पोटात कंट्रोलर नावाचा एक भाग असतो. कोणी काय मागितलं ते ऐकायचं आणि त्याला योग्य ते पान आणून द्यायचं, हे त्याचं काम. कोणी नवी नोंद मागितली की तो कोरा फॉर्म देतो. जुनी नोंद दुरुस्त करायची म्हटली की तोच फॉर्म भरलेला देतो. आणि भरताना काही राहिलं तर तोच फॉर्म परत करतो, लिहिलेलं सगळं जागच्या जागी ठेवून, फक्त राहिलेल्या खान्याखाली एक लाल ओळ घालून. मागणी कोणतीही असो, फॉर्मचा साचा एकच.

मुलाचा आणि मुलीचा फॉर्मही तिने त्याच एका साच्यातून काढायचं ठरवलं होतं. घरी तिची आई, कमलाबाई, दिवाळीला करतात तसंच. सोऱ्या एकच, शेव पाहिजे तर शेवेची चकती, चकली पाहिजे तर चकलीची. साच्यात तिने दोन्ही कागदांवरचे सगळे प्रश्न घातले. आता कंट्रोलरने साच्याला फक्त सांगायचं होतं की समोर मुलगा आहे का मुलगी, म्हणजे नको ते प्रश्न गाळले जातील. आणि नेमकं तेच सांगायचं ती विसरली. काही सांगितलं नसेल तर सगळे प्रश्न दाखव, असंही तिनेच लिहून ठेवलं होतं, आणि एकही खाना रिकामा चालणार नाही, असंही तिनेच. चकती न घालताच सोऱ्या फिरवला, म्हणून सगळ्यांच्या ताटात सगळंच पडलं. रायपुरातल्या यच्चयावत मुलांना स्वयंपाक विचारला गेला आणि मुलींना स्वतःचं घर.

ही शुद्ध चूक होती. कुणाला धडा शिकवावा असा तिचा काही विचार नव्हता. कामाच्या बाबतीत रुचिता काटेकोर, आणि आपली चूक यशवंतरावांच्या तोंडून कळली याची तिला चांगलीच चीड आली. तिने लगेच तो भाग उघडला. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ लिहिण्याआधी, किती नोंदी खराब झाल्यात ते पाहावं म्हणून तिने आलेली उत्तरं उघडली, आणि तिथेच तिचा हात थांबला.

स्वयंपाकाच्या खान्यात एकाने लिहिलं होतं, पोहे, खिचडी, अंडाकरी, भाकरी गोल येत नाही. एकाने लिहिलं होतं, येत नाही, पण हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. एकाने, आईला विचारून कळवतो. नोकरी सोडण्याची तयारी आहे काय, याला बहुतेकांनी ठाम नाही म्हटलं होतं, आणि एकाने, प्रश्न समजला नाही. सासू-सासऱ्यांच्या सेवेवर रेल्वेतल्या एका मुलाने हिंदीत लिहिलं होतं, अपने माँ-बाप की करता हूँ, उनकी भी कर लूँगा. रुचिताने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"ठीक कर दिया?" शेखरने विचारलं.

"जेवण झाल्यावर करते," ती म्हणाली. तिचा डबा अजून उघडलेलाही नव्हता.

दुपारी पायलचा फोन आला. पायल त्यांच्या मागच्या गल्लीत राहायची, एका दवाखान्यात नर्स होती, आणि यंदा मेळाव्यात तिचंही नाव होतं, तिच्या मोठ्या भावाचंही. मराठी सगळी समजे, पण बोलायची हिंदीच.

"दीदी, सुना आप वो सवाल हटा रहे हो?"

"कोण म्हणालं?"

"सब बोल रहे हैं. मत हटाना प्लीज़. प्रशिक भैया कल शाम को किचन में खड़ा था. मम्मी से पूछ रहा था दाल में पानी कितना डालते हैं. बोला, फॉर्म में झूठ कैसे लिखूँ. दीदी, हमारे घर में पहली बार हुआ ये."

रुचिता हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली, जी ती सहसा आठवू देत नसे. दुर्गहून पाहुणे आले होते. मुलाच्या मावशीने तिला ओळीने विचारलं, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का, घरात मोठ्यांचं करशील का. रुचिताने सगळ्यांची सरळ उत्तरं दिली आणि मग तितक्याच सरळपणे मुलाकडे वळून तेच तीन प्रश्न त्याला विचारले. ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलाने आईकडे पाहिलं. मावशी म्हणाली, पोट्टी जरा जास्तच शिकली. आणि गुलाबराव, चहा आणतो म्हणत आत गेले, ते पाहुणे चपला घालेपर्यंत बाहेर आले नाहीत. पोट्टी उलट प्रश्न विचारते ही बातमी मग तिच्या आधी सगळीकडे पोचू लागली. त्यानंतर गुलाबरावांनी लग्नाचा विषय तिच्यासमोर काढला नाही. पाहुण्यांपेक्षा वडिलांच्या त्या चहाचं दुःख तिला जास्त होतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ती गुढियारीच्या घरी आली तेव्हा गुलाबराव खुर्चीत बसून फोनकडे असे पाहत होते की तो आता चावेल. कमलाबाई खाली बसून वटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.

"सकाळपासून चार जणायचे फोन आले," गुलाबराव म्हणाले. "यशवंतराव म्हणते, पुन्हा दोन कागद करा. काढून टाक ना बेटा ते प्रश्न. किती वेळ लागते?"

"पाच मिनिटं."

"मंग काढ."

"काढते. पण पप्पा, एक सांगू? काढले तर दोन फॉर्म होतीन. मंग माहा फॉर्म तुम्ही मागू नका."

गुलाबरावांनी मान वर केली. त्यांनी तिचा फॉर्म मागितला नव्हता. मागायचं धाडसच नव्हतं. पण पुस्तिकेचं काम हाती घेतल्यापासून, पोरीने आपणहून एकदा तो फॉर्म भरावा, एवढी एकच इच्छा ते मनात धरून होते, आणि ती घरातल्या कुणापासूनही लपलेली नव्हती.

"अन् नाई काढले तर?" त्यांनी जपून विचारलं.

"सगळ्यायले सारखे प्रश्न राहिले, तर मी बी भरते. यंदाच भरते."

कमलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ऐकलं का," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता रविवारी काय बोलायचं ते ठरवा. चहा मी देतो सगळ्यायले, तुम्ही उठू नका."

तो आठवडा गुलाबरावांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. सकाळी फिरायला जात आणि रस्त्यात एकटेच काहीतरी बोलत येत. एकदा कमलाबाईंना त्यांनी विचारलं की यशवंतरावांना राग आला आणि अध्यक्षपद सोडतो म्हणाले तर. कमलाबाई म्हणाल्या, सोडू द्या. गुलाबरावांना हे उत्तर फारच सोपं वाटलं. पण रुचिताने त्या आठवड्यात ती ओळ लिहिली नाही, आणि उत्तरं येत राहिली.

रविवारी वंदना आटोपल्यावर हॉलमध्ये बैठक भरली. एका बाजूला बायका सतरंजीवर, दुसऱ्या बाजूला पुरुष खुर्च्यांवर. मोठा पडदा लावून त्यावर वेबसाइट दिसेल अशी सोय रुचिताने केली होती. यशवंतराव उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की मेळावा पोरांची लग्नं जमवायला आहे, पोरांना स्वयंपाकी बनवायला नाही, आणि जे इतकी वर्षं ठीक चाललं ते एका पोरीच्या चुकीपायी बदलायचं कारण नाही. मग ते गुलाबरावांकडे वळले.

"सेक्रेटरी, तुमच्या घरची चूक आहे. तुम्हीच सांगा. हे काढायचं का नाई?"

कमलाबाईंनी चहाचा ट्रे उचलला होता, तो घेऊन त्या होत्या तिथेच थांबल्या. गुलाबराव उठले. त्यांनी एकदा ट्रेकडे पाहिलं, आणि रुचिताला वाटलं की झालं, आता हे चहा वाटायला लागतील.

"नाई," गुलाबराव म्हणाले.

"काय नाई?"

"काढायचं नाई. मले बोलता येत नाई जास्त. दोन वर्सांपूर्वी माह्या पोरीले हेच सगळं माह्याच घरात इचारलं लोकायनं. तिनं उलटून इचारलं, तर तिचीच बदनामी झाली. मी तवा चहा आणायले गेलो होतो." त्यांनी खुर्चीची पाठ धरली, पण ते बसले नाहीत. "चूक तिनं केली हे खरं आहे. पण चुकून बरोबर झालं आहे. एक फॉर्म इथं सगळ्यायसमोर भरून पाहू. मंग ठरवा."

रुचिता पडद्याजवळ उभी होती. वडिलांना सगळ्या पंचायतीसमोर आपल्या बाजूने बोलताना तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिला एकदम भरून आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ती माउसची वायर सरळ करत बसली.

यशवंतरावांना हे आव्हान वाटलं. "भरा ना," ते म्हणाले. "माह्याच पोराचा भरा. पाहू द्या सगळ्यायले, हे कसं हास्यास्पद आहे ते. धम्मदीप, ये समोर."

धम्मदीप मागच्या खुर्चीवरून उठून आला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिकल सुपरवायझर होता आणि पाळीच्या ड्यूटीमुळे बिरगांवात खोली घेऊन राहायचा. सुट्टीला तेवढा घरी येई. शांत मुलगा होता. वडील इतकं बोलत असल्यावर घरात दुसऱ्या कोणाला बोलायला जागाही उरत नसावी. तो येऊन वडिलांच्या शेजारी उभा राहिला.

रुचिता टाइप करू लागली. सांगत होते यशवंतराव. नाव, शिक्षण, नोकरी, पगार, सगळं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. मग स्वयंपाकाचा खाना आला.

"तो सोड. पुढं चल."

रुचिताने तो रिकामा सोडला. पुढचं सगळं यशवंतरावांनी फटाफट संपवलं. सासू-सासऱ्यांच्या खान्यात त्यांनी 'यथाशक्ती' असा सरकारी शब्द घातला, आणि रुचिताने जतन करा दाबलं. पडद्यावर तोच फॉर्म परत आला. लिहिलेलं सगळं जागेवर होतं. फक्त एका खान्याखाली लाल ओळ होती, ही माहिती भरणे आवश्यक आहे.

"पुन्हा दाब."

तिने पुन्हा दाबलं. फॉर्म पुन्हा परत आला. बायकांच्या बाजूने कोणीतरी खुदकन हसलं. यशवंतरावांचे कान लाल झाले. इतकी वर्षं वीज खात्यात त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले होते. त्यांचा स्वतःचा अर्ज कोणी असा सगळ्यांसमोर परत केला नव्हता.

"मंग लिही, लागू नाही."

"पप्पा," धम्मदीप म्हणाला, "खोटं काहून लिहायचं. मले येते ना."

"काय येते तुले? मॅगी?"

"पाटोडीचा रस्सा."

आता जे झालं ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. विहारात भोजनदान असलं की प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो, आणि यशवंतरावांच्या घरून पाटोडीचा रस्सा येतो. बेसनाच्या वड्या आणि वर तर्रीदार रस्सा. लोक आधी त्या पातेल्यापाशी जातात, मग बाकीच्यांपाशी. यशवंतराव स्वतः डाव हातात घेऊन वाढायला उभे राहतात आणि दर वाटीमागे सांगतात की आमच्या कांताबाईच्या हातची चव रायपुरात कोणाच्या हाताला नाही. मागच्या बुद्ध पौर्णिमेला तर त्यांनी हे माइकवरून सांगितलं होतं.

"पाटोडीचा रस्सा तर तुही माय करते," यशवंतराव म्हणाले.

धम्मदीपने बायकांच्या बाजूला पाहिलं. सतरंजीवर बसलेल्या कांताबाईंनी पदर सावरला आणि बसूनच बोलल्या.

"करत होतो. मनगटं गेली माही, पाटोडी थापता येत नाई आता. कितीतरी वर्सांपासून तोच करते. घरचा बी अन् विहारातला बी. आदल्या दिवशी बिरगांवहून येऊन करून ठेवते."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही वाढत होते."

हॉलमध्ये आधी कोणी हसलं नाही, कारण यशवंतरावांचा चेहरा पाहवत नव्हता. मग पुरुषांमधून एक म्हातारा, जो दर भोजनदानाला तीन वाट्या रस्सा घेतो, मोठ्या गांभीर्याने म्हणाला की मागच्या वेळचा तर फारच जमला होता. त्यावर सगळा हॉल हसला. धम्मदीपही हसला. यशवंतराव मुलाकडे वळले. मग त्यांनी एकच विचारलं.

"मसाला कोण वाटते?"

"मीच."

यशवंतरावांनी घसा साफ केला, पडद्याकडे वळले आणि पुन्हा तोच खणखणीत आवाज लावला. "लिही रुचिता. पाटोडीचा रस्सा. अन् समोर लिही, उत्तम."

तिने लिहिलं, जतन करा दाबलं, आणि या वेळी फॉर्म परत आला नाही. बायकांच्या बाजूने दोघी-तिघींनी आपापसात मान हलवली, आणि एकीने तर तिथेच कांताबाईंना विचारलं की पोराची सुट्टी कोणत्या वारी असते. ते यशवंतरावांनी ऐकलं. माणूस तापट होता पण मूर्ख नव्हता. पगाराच्या खान्याने जे झालं नसतं ते स्वयंपाकाच्या खान्याने त्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं. दोन कागदांचा ठराव त्यांनी मांडलाच नाही. उलट बैठक संपवताना म्हणाले की समितीने पूर्ण विचारांती एकच फॉर्म ठेवायचं ठरवलं आहे. गुलाबरावांनी ते इतिवृत्तात तसंच लिहून घेतलं, आणि मग पहिल्यांदा चहाचा कप हातात घेतला. तो गार झाला होता. त्यांनी तो मोठ्या समाधानाने प्यायला.

घरी आल्यावर रुचिताने शब्द पाळला. दुपारच्या उन्हात अंगणात लॅपटॉप घेऊन बसली. गुलाबरावांनी खुर्ची शेजारी ओढली. कमलाबाई दारात उभ्या राहिल्या. स्वयंपाकाच्या खान्यात तिने लिहिलं, चहा, वरण-भात, बाकी शिकायची तयारी. रंगाच्या खान्यात लिहिलं, आहे. स्वतःचे घर आहे काय, याला लिहिलं, नाही, पैसे साठवून राहिले. नोकरी सोडण्याची तयारी, नाही. सेवेच्या खान्यात तिने रेल्वेतल्या त्या मुलाचं वाक्य मराठीत करून लिहिलं, आपल्यांची करते, त्यांचीही करीन. मग जतन करा दाबलं, आणि फॉर्म परत आला. ज्या बाईने तो बनवला होता तिलाच त्याने लाल ओळ दाखवली. जोडीदाराकडून अपेक्षा, हा खाना रिकामा राहिला होता. आजवर गुलाबी कागदावर तो नव्हताच, म्हणून की काय, तिच्या ध्यानातच आला नव्हता.

गुलाबरावांचा हात आपोआप पुढे आला. "लिही, नोकरीवाला, निर्व्यसनी..."

रुचिताने त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि लिहिलं, त्याने आपला फॉर्म स्वतः भरलेला असावा, वडिलांनी नाही.

गुलाबरावांनी ते वाचलं. खुर्ची मागे घेतली. "चहा करतो," ते म्हणाले, आणि या वेळी खरंच आत जाऊन त्यांनी चहा केला. तो फार गोड झाला होता, पण मायलेकींनी कप रिकामे केले. आलेल्या नोंदी तपासून मंजूर करायचं काम सचिवांचं, आणि मंजूर झालेली नोंद वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येई. एरवी एकेक नोंद दोन-दोन दिवस निरखत बसणाऱ्या गुलाबरावांनी ही नोंद कप धुवायच्या आधीच मंजूर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिता ऑफिसात पोचते तोच फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"रुचिताजी, जय भीम. मी धम्मदीप. यशवंतरावांचा."

"जय भीम. बोला ना."

"माहा फॉर्म काल पप्पांनी भरला. मले तो स्वतः भरायचा होता. पूरा डिलीट करून नवीन भरू का?"

"डिलीट करायची गरज नाई," ती म्हणाली. "दुरुस्ती दाबा. तोच फॉर्म येईन, भरलेला. जे पटत नाई तेवढंच बदला, बाकी जागेवर राहते."

"बहुतेक सगळंच बदलवतो. ते यथाशक्ती तर काढतोच. अन् ते उत्तम बी. रस्सा बरा होते, उत्तम काही नाई."

रुचिता हसली. शेखर पलीकडून पाहत होता, तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. "इतकी काय घाई आहे? मेळाव्याला अजून वेळ आहे."

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजत होता. तो थांबेपर्यंत धम्मदीप थांबला.

"आहे घाई," तो म्हणाला. "काल तुमचा फॉर्म वाचला."